तळ्याकाठच्या हेलनबाई

हेलन थर्लो यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत बसून उकडलेलं अंडं सोलत होत्या. समोर आठदहा माणसं कागद घेऊन बसलेली, त्यातली एक बाई थरथरत्या आवाजात आपली कविता वाचतेय, आणि या मान खाली घालून टरफलाचे तुकडे रुमालावर गोळा करतायत. मला वाटलं, काय उद्धट बाई आहे! कविता संपली. हेलनबाईंनी मान वर केली आणि विचारलं, "त्या हॉस्पिटलच्या खोलीत तू होतीस का?"

"म्हणजे... माझी बहीण होती," ती बाई चाचरत म्हणाली.

"मग बहिणीला फोन कर आणि खिडकीतून काय दिसत होतं ते विचार. सोनेरी सूर्यास्त दिसत नसणार. हॉस्पिटलच्या खिडकीतून पार्किंग दिसतं."

एवढं बोलून त्यांनी अंड्याला मीठ लावलं आणि खायला सुरुवात केली.

मला तिथे नेलं होतं नेने काकांनी. काका वूस्टरच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. रिटायर झाल्यावर त्यांना कवितेचा नाद लागला. आम्ही शेजारच्या श्रूजबरीत राहतो, आणि पाडव्याच्या कार्यक्रमात मी कधीतरी एक कविता वाचली होती ती त्यांच्या लक्षात राहिली होती. "शनिवारी सकाळी काय करतेस? ग्रोसरीच ना?" ते म्हणाले. "प्रसादला पाठव. तू माझ्याबरोबर चल. पलीकडच्या गावात एक बाई फुकट शिकवते. खडूस आहे, पण अस्सल आहे."

हेलनबाईंनी सत्तरी ओलांडलेली होती. उंच, हाडकुळ्या, केस स्वतःच कात्रीने कापल्यासारखे. अंगात नेहमी पुरुषी, गुडघ्यापर्यंतचा कोट. तो त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा होता हे मला नंतर कळलं. सरकारी कॉलेजात त्यांनी आयुष्यभर शिकवलं. कवितांची चार बारकी पुस्तकं निघाली, कुठली कुठली बक्षिसं मिळाली, आणि ती पुस्तकं गावातल्या लायब्ररीखेरीज फारशी कुठे दिसत नसत. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मोबाइल नव्हता. गाडी जुनाट, आणि हिवाळ्यात ती घसरू नये म्हणून मागे वाळूची पोती टाकलेली. मी त्यांना तोंडावर हेलन म्हणायचे, कारण त्यांना तेच हवं होतं. इंग्रजीत काय, सगळ्यांना एकच 'यू'. पण घरी येऊन नवऱ्याला, प्रसादला, सांगताना त्या आपोआप हेलनबाई झाल्या, आणि तशाच राहिल्या.

'सुंदर' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. फारच आवडलं तर त्या टेबलावर बोटं टेकवून म्हणायच्या, "हं. असं झालं असेल." आणि नाही आवडलं तर तोच एक प्रश्न, तू तिथे होतीस का? कविता ही शोभेची वस्तू नाही, कोर्टातली साक्ष आहे, असं त्यांचं ठाम मत. साक्षीदाराने ऐकीव सांगायचं नाही. जे पाहिलं ते सांगायचं, आणि जे पाहिलं ते सगळं सांगायचं.

मी पहिल्यांदा काही लिहून नेलं ते आईच्या स्वयंपाकघराबद्दल होतं. मसाल्यांचा 'ॲरोमा' वगैरे. त्यांनी कागद खाली ठेवला. "हा 'ॲरोमा' शब्द तुझ्या घरात कोण वापरायचं?"

"कोणीच नाही."

"मग काय म्हणायचे?"

"खमंग."

त्यांनी डोळे मिटून तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला. 'ख' काही जमेना. मग विचारलं, "कशाला म्हणतात?"

मी भाजणीचं सांगितलं. धान्य भाजताना ते लाल व्हायला लागलं की जो वास सुटतो तो. जरा वेळ गेला की करपतं, आणि मग तो शब्द वापरता येत नाही.

"म्हणजे हा शब्द म्हणणारी बाई आगीजवळ उभी आहे," त्या म्हणाल्या. "तो तसाच राहू दे. वाचणारा येईल ठेचकाळत."

मी त्या दिवशी घरी तरंगतच आले. पण त्यांच्या शिकवण्यातली दुसरी बाजू मला पुढच्याच महिन्यात दिसली. नेने काकांनी ऑपरेशन थिएटरवर कविता केली होती, छान यमकं जुळवून. पेशंट शांत झोपेच्या कुशीत जातो, असं काहीतरी. हेलनबाईंनी ठरलेला प्रश्न विचारला. काका हसले. "अहो, मीच तर झोपवायचो!"

"मग ती शांत झोप होती?"

काकांचं हसू ओसरलं. "नाही," ते म्हणाले. "झोप नसते ती."

"मग काय असतं ते लिहा."

पुढच्या शनिवारी त्यांनी जे लिहून आणलं ते ऐकताना खोलीत कोणी हललं नाही. भूल चढतानाच्या शेवटच्या क्षणी माणसाच्या डोळ्यांत जे दिसतं, त्याबद्दल होतं. परत येताना गाडीत काका म्हणाले, "एवढी वर्षं मी ते बघायचं टाळत होतो गं. या बाईने बरोबर तिथेच बोट घातलं." त्यानंतर कितीतरी दिवस ते नीट झोपले नाहीत, असं काकूंनी मला सांगितलं. काकूंना हेलनबाई कधीच आवडल्या नाहीत.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत लायब्ररीत त्यांच्या कवितावाचनाचा कार्यक्रम झाला. लायब्ररीची पॅटी, जी आमच्या वर्गासाठी खुर्च्या मांडायची आणि कॉफी करायची, तिने सगळ्या गावात पत्रकं लावली होती. बऱ्यापैकी माणसं आली. हेलनबाईंनी काही जुन्या कविता वाचल्या आणि शेवटी एक नवी, 'मार्च' नावाची.

ती समजायला तळ्याची गोष्ट ठाऊक हवी. हेलनबाईंचं घर गावाबाहेर एका तळ्याच्या काठावर होतं. हिवाळ्यात ते तळं गोठलं की गावातली मुलं त्यावर स्केटिंग करायला यायची. पण तळ्याखाली झरे होते, आणि झऱ्यांवरचा बर्फ वरून पक्का दिसला तरी आतून पातळ. समोरच्या काठावर कॅरल नावाची बाई राहायची. ती दर सकाळी लांब दांड्याचं गिरमिट घेऊन बर्फावर जायची, भोकं पाडून जाडी बघायची, आणि जिथे धोका असेल तिथे लाल फडकं बांधलेल्या काठ्या रोवायची. तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. स्वतःला मूल नव्हतं. आणि तीच कॅरल एका मार्च महिन्यात, भर सकाळी, स्वतः रोवलेल्या काठ्यांच्या मधोमध बर्फातून खाली गेली. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. पुढच्या हिवाळ्यापासून काठ्या रोवायचं काम हेलनबाई करू लागल्या.

'मार्च' या कवितेत एवढंच होतं. पण शेवटी एक प्रश्न होता. ज्या बाईला हा बर्फ तळहातासारखा माहीत, ती तिथे कशी गेली? आणि काठावरच्या घराचं दार आतून कोणी लावलं?

टाळ्या जरा उशिराच पडल्या. गावातल्या लोकांना ते दार कोणाचं हे कळलं होतं. पॅटी माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "रॉयच्या कानावर गेलं तर?"

रॉय म्हणजे कॅरलचा नवरा.

त्याच्या कानावर गेलं. पुढच्याच शनिवारी तो वर्गात आला. साठीचा, आडव्या अंगाचा, हिवाळ्यात घर गरम ठेवणाऱ्या लोकांच्या तळघरातल्या भट्ट्या दुरुस्त करणारा माणूस; बर्फ पडला की आपल्या पिकअपला पुढे फाळ लावून रस्तेही साफ करायचा. दाराजवळच्या खुर्चीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. पूर्ण वेळ एक अक्षर बोलला नाही. सगळे उठायला लागले तेव्हा बसूनच म्हणाला, "ती कविता वाचा."

हेलनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. कोणती, असं विचारलं नाही. पुस्तकातून कागद काढला आणि उभ्या राहून 'मार्च' वाचली. तो खाली बघत ऐकत होता. संपल्यावर टोपी घातली आणि गेला.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही. तो कधी काही लिहून आणत नसे, दुसऱ्याच्या कवितेवर काही म्हणत नसे. शेवटी फक्त, "परत वाचा." आणि त्या वाचायच्या. आवाज चढवत नव्हत्या की उतरवत नव्हत्या. एकएक करून माणसं यायची बंद झाली. कोणाच्या मुलाची गेम होती, कोणाची पाठ धरली होती.

पॅटीने पोलिसांना विचारलं. आलेला पोलिस तरुण होता, सभ्य होता. "तो सार्वजनिक लायब्ररीत बसतो आणि कविता वाचायला सांगतो," तो म्हणाला. "यात मी काय करू, मॅडम?"

नेने काकांनी एकदा वर्गानंतर हेलनबाईंना गाठलंच. "हेलन, हा माणूस मला ठीक वाटत नाही. वर्ग थोडे दिवस बंद ठेवू. किंवा ती कविता मागे घ्या."

हेलनबाई कोटाची बटणं लावत होत्या. "मी प्रश्न विचारला," त्या म्हणाल्या, "आणि ज्याला विचारला तो आला. आता मी उठून जाऊ?"

"पण तो उत्तर कुठे देतोय?"

"देईल. किंवा दुसरं काहीतरी करेल."

हे त्या अगदी सरळ आवाजात म्हणाल्या.

जानेवारीत तळं गोठलं. त्या वर्षी थंडी तुटक होती. चार दिवस कडाका, मग दोन दिवस पाऊस. असा बर्फ सगळ्यात वाईट, हेलनबाई म्हणायच्या, थरांच्या मध्ये पाणी अडकतं. तरी त्या रोज जात होत्या. एका शनिवारी त्या वर्गात उशिरा आल्या. त्या उशिरा आलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. कोट न काढताच बसल्या आणि पॅटीला म्हणाल्या, "माझ्या काठ्या कोणीतरी उपटल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. फडकी सोडून, घड्या करून माझ्या पोर्चवर ठेवली आहेत. काठ्या भिंतीला टेकवून. एकसारख्या."

खोलीत आम्ही चौघंपाचजण होतो. कोणी रॉयच्या खुर्चीकडे बघितलं नाही. तो तिथेच होता, टोपी मांडीवर. त्याने शेवटी नेहमीसारखं "परत वाचा" म्हटलं, आणि हेलनबाईंनी वाचली.

मी घरी येऊन प्रसादला सांगितलं. तो लॅपटॉपमधून डोकं काढून म्हणाला, "वैशाली, आता पुरे. इथे लोकांकडे बंदुका असतात. कॅन्सल कर तो क्लास." त्याचं चुकत नव्हतं. तरी मी पुढच्या शनिवारी गेले. काकाही आले. आम्ही दोघं नसतो तर त्या खोलीत फक्त ती दोघं उरली असती.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी वादळाचा इशारा होता. दुपारपासून बर्फ पडणार म्हणून पॅटीने लायब्ररी लवकर बंद करायचं ठरवलं होतं. ती दारात किल्ल्या घेऊन उभी होती. वर्गात काका, मी आणि रॉय. काकांनी काहीतरी छोटंसं वाचलं, पण कोणाचं लक्ष नव्हतं. मग रॉय म्हणाला, "वाचा." त्यांनी वाचली.

तो उठला नाही. टोपी मांडीवर तशीच. "तुम्ही इथे सगळ्यांना एक विचारता," तो म्हणाला. "मी तुम्हाला विचारू?"

"विचारा."

"तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमचं मागचं दार दिसतं. त्या सकाळी तुम्ही तिथे होतात?"

हेलनबाईंनी कागद टेबलावर ठेवला. मला वाटलं त्या नाही म्हणतील. "होते," त्या म्हणाल्या.

"काय दिसलं?"

"दार उघडलं. कॅरल बाहेर आली. हातात गिरमिट नव्हतं. काठ्या नव्हत्या. अंगात कोटही नव्हता." त्या थांबल्या. "हे मला दिसलं, रॉय. तिने मागे वळून दार ढकललं तेही दिसलं. ते उघडलं नाही. मग ती बर्फावर आली, माझ्या घराच्या दिशेने. मी स्वतःशी म्हटलं, बर्फ बघायला निघाली असेल, रोजच्यासारखी. आणि मी टेबलाशी परत गेले. एक ओळ अडली होती."

पॅटीच्या हातातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"परत खिडकीशी आले तेव्हा तळ्यावर कोणी नव्हतं."

"हे त्यात नाही," रॉय कागदाकडे बघत म्हणाला.

"नाही."

"का?"

"दार तुमचं होतं. ते लिहिणं मला सोपं गेलं."

रॉयने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर मला कमी भीती वाटली असती. मग त्याने टोपी घातली, उठला, आणि दाराशी जाऊन म्हणाला, "ती ओळ सुटली का?"

"हो," हेलनबाई म्हणाल्या. "सुटली."

त्याची पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही तो दूर जाईपर्यंत बसून राहिलो. हेलनबाईंनी आम्हाला हाताने जायची खूण केली. त्या स्वतः उठल्या नाहीत. गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "आज इथे कोणीतरी कोणालातरी मारणार असं मला वाटत होतं." पुढचा सिग्नल लागला. मग म्हणाले, "अगं, मारलंच की."

त्यानंतर वर्ग भरला नाही. हेलनबाईंनी पॅटीला फोन करून सांगितलं, हिवाळा संपेपर्यंत बंद. कारण सांगितलं नाही. मी दोनतीनदा फोन केला, उचलला नाही. मार्च लागला. एका दुपारी मला राहवेना. ऑफिसातून निघाले आणि सरळ त्यांच्या घराकडे गाडी वळवली.

तळ्यावरचा बर्फ राखाडी झाला होता, काठाकाठाने पाणी सुटलेलं. अंगणात रॉयची पिकअप उभी होती. तो लोखंडी पहारीने पायऱ्यांवरचा बर्फ फोडत होता. मी गाडीतच बसून राहिले. मला परत फिरायचं होतं. त्याने मला पाहिलं, पहार खाली केली आणि पायरीवरून बाजूला झाला. जाण्यापुरती वाट करून दिली.

हेलनबाई आत सूप ढवळत होत्या. वाळल्या होत्या. मला बघून त्यांना बरं वाटलं की नाही कळेना. "बस," त्या म्हणाल्या.

"हा इथे काय करतोय?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"रोज येतो. पायऱ्या साफ करतो, मग आत येऊन बसतो आणि मला एक ओळ म्हणून दाखवतो. लिहीत नाही, पाठ करून आणतो. ओळ खोटी असली तर मी सांगते. मग दुसऱ्या दिवशी तीच नीट करून आणतो."

"कशाबद्दलची ओळ?"

"त्या सकाळबद्दलची." त्यांनी गॅस बारीक केला. "माझा भाग मी लिहायचा, त्याचा त्याने सांगायचा, असं ठरलंय. मीच म्हटलं त्याला. वर्गानंतर आठवड्याने दारात येऊन उभा राहिला, तेव्हा."

"कुठवर आलाय?"

"अजून स्वयंपाकघरातच आहेत दोघं. कॉफी झालीय. कॅरल टेबलाशी बसलीय. कोणीतरी काहीतरी बोललंय, ते काय ते तो अजून सांगत नाही. पण उठलीय ती आता. काल उठली."

बाहेर पहारीचे घाव पडत होते. एकदा थांबले की माझे कान तिकडे लागायचे, परत सुरू झाले की जरा हायसं वाटायचं.

"आणि काठ्या? काठ्या त्यानेच काढल्या ना?"

"विचारलं मी. म्हणाला, बर्फ सडत चालला होता, काठ्या असत्या तर तुम्ही रोज गेला असता." त्या किंचित हसल्या. "खरं असेल. नसेलही."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते तर. गाडीचा आवाज आला की हात गार पडतात माझे. पण ती दाराकडे निघालीय, वैशाली. आता अर्ध्यावर मी त्याला थांब म्हणू?"

घाव थांबले. या वेळी परत सुरू झाले नाहीत. दार न वाजवता रॉय आत आला, सिंकवर हात धुतले, घरचा असल्यासारखा फडक्याला पुसले आणि टेबलाशी बसला. हेलनबाईंनी त्याच्यापुढे सूप ठेवलं. त्याने चमच्याला हात लावला नाही. माझ्याकडे न बघता विचारलं, "या थांबणार आहेत?"

"नाही," हेलनबाई म्हणाल्या. "निघालीय ती."

मी कोट घातला. त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घरी गेल्यावरही तिथे लालसर होतं. "उद्या फोन कर," त्या म्हणाल्या. असं त्या याआधी कधी म्हणाल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला. "आहे मी," त्या म्हणाल्या.

"आणि रॉय?"

"आज आला नाही." मग म्हणाल्या, "आता येणार नाही बहुतेक." मी पुढे काही विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला होता.

एप्रिलमध्ये आईचं ऑपरेशन निघालं म्हणून मी नाशिकला गेले आणि उन्हाळाभर तिथेच अडकले. हेलनबाईंनी वर्ग परत सुरू केला नाही. कुठे कविता वाचायलाही गेल्या नाहीत. एका छोट्या मासिकात त्यांची एक कविता आली, ती पॅटीने मला पाठवली. नाव 'मार्च'च, पण ही वेगळी होती. तिच्यात नवरा नव्हता, बंद दार नव्हतं. एक बाई खिडकीशी उभी राहून दुसऱ्या बाईला बर्फावर येताना बघते, आणि वळते. इतकंच. मी ती एकदा वाचली. परत वाचायचा धीर झाला नाही.

मी परत आले त्याच आठवड्यात त्या गेल्या. स्ट्रोक. बागेत पडल्या, हॉस्पिटलात नेलं, दोन दिवस शुद्ध नव्हती. डॉक्टरांच्या दृष्टीने अगदी साधं मरण. नेने काकांनी मुद्दाम ओळखीच्या डॉक्टरला फोन करून खात्री करून घेतली. कशाची, ते आम्ही एकमेकांना बोललो नाही.

चर्चमध्ये थोडी माणसं होती. रॉय शेवटच्या बाकावर होता, सूट घातलेला. सगळं झाल्यावर बाहेर पार्किंगमध्ये तो मला दिसला. काका मला थांबवत होते, पण मी गेले.

"ती पुरी झाली का?" मी विचारलं. "तुमची?"

मला ओळखायला त्याला क्षणभर लागलं. "त्यांना ऐकवली," तो म्हणाला.

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही." तो गाडीचं दार उघडून उभा होता. मला वाटलं अजून काही सांगेल. तो आत बसला आणि निघून गेला. अजून तो तिथेच राहतो, लोकांच्या भट्ट्या दुरुस्त करतो. हेलनबाईंनी त्याने काय सांगितलं ते पोलिसांना कळवलं नाही, पॅटीला सांगितलं नाही, लिहून ठेवलं नाही. जे पाहिलं ते सगळं सांगायचं असं आयुष्यभर शिकवत आलेल्या बाईने एक गोष्ट स्वतःजवळच ठेवली. कोणासाठी, ते मला कळलेलं नाही.

मला वाटतं त्याने ती ऐकवली ती मार्चमध्ये मी हेलनबाईंच्या घरून निघाले त्याच दुपारी. गाडीच्या काचेवर बाष्प धरलं होतं, ते जाईपर्यंत मी अंगणातच इंजिन चालू ठेवून बसले होते. काच हळूहळू खालून स्वच्छ होत गेली, आणि स्वयंपाकघराची खिडकी दिसायला लागली. रॉय उभा राहिला होता. दोन्ही हात टेबलावर टेकवून तो बोलत होता. एक ओळ बोलायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तो बोलत होता. हेलनबाई त्याच्यासमोर होत्या, त्यांची फक्त बाजू मला दिसत होती. त्यांनी त्याला मध्ये थांबवलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून नजर न काढता त्यांनी एक हात मागे नेला, चाचपडत खुर्चीची पाठ शोधली, आणि हळूहळू खाली बसल्या.